सोलो क्रॉस-कंट्रीच्या आधी विमानाचं काय काय बघायचं (आणि उरलेले तास!!)

क्रॉस-कंट्री (दुसऱ्या विमानतळांवर उतरून परत यायची लांबची ट्रेनिंग फ्लाइट) लागली की सगळे नकाशा, वारा, फ्युएल लॉग घेऊन बसतात, आणि विमानाचं विचारलं तर "ते इंजिनिअरने बघितलंय ना". बघितलंय, पण घेऊन तू चाललायस. विमान उडण्यालायक आहे की नाही याची निघण्याआधी खात्री करायची ती पायलट-इन-कमांडने, आणि सोलोत, म्हणजे एकटा उडताना, तो तूच. आदल्या संध्याकाळीच बस भिया, सकाळी हँगरसमोर गर्दी असते तेव्हा कोणी शांतपणे फाइल हातात देत नाही.

कागद. सी ऑफ आर (नोंदणीचं प्रमाणपत्र), रेडिओ लायसन्स, इन्शुरन्स, वेट शेड्यूल (रिकाम्या वजनाचा कागद), जर्नी लॉग (विमानाच्या फेऱ्या आणि तासांची वही) आहेत का आणि व्हीटीच्या (भारतीय नोंदणीची खूण) पुढची तीन अक्षरं तुझ्याच विमानाची आहेत का, बास. (दोन विमानांच्या फायली अदलाबदल होतात, हसू नको.) फ्लाइट मॅन्युअल त्याच सीरियल नंबरचं लागतं, इंदूरच्या भंवरकुव्याहून झेरॉक्स करून आणलेलं पीओएच (पायलटचं हँडबुक) अभ्यासाला ठीक, विमानात ते मोजत नाहीत. सी ऑफ ए (उडण्यालायक असल्याचं प्रमाणपत्र) वर पुढची तारीख शोधत बसू नको, तो चालू आहे की नाही हे एआरसीवरून (त्याच्या आढाव्याचं प्रमाणपत्र) ठरतं, एआरसी एका वर्षाची असते, एक्सटेन्शन झालं असेल तर त्याची सही आणि तारीख वेगळी बघ. शेवटच्या कामानंतर सीआरएसवर (काम करून विमान सोडल्याचा दाखला) एएमईची (लायसन्सवाला मेंटेनन्स इंजिनिअर) सही आहे का, टेक लॉगमध्ये उघडा स्नॅग (नोंदवलेला बिघाड) आहे का, असेल तर तो पुढे ढकलल्याचं कोणी लिहून सही केली आहे का. "अरे तो लाइट तर कधीचाच बंद आहे" हे उत्तर नाही. काय बंद असताना चालतं ते एमईएल (किमान लागणाऱ्या उपकरणांची यादी) असेल तर त्यात, नसेल तर पीओएचच्या दुसऱ्या सेक्शनमध्ये इक्विपमेंटची यादी असते त्यात बघायचं, आणि तरी ठरवायचं तू नाही, एएमईला विचारायचं.

आता उरलेले तास. हे नीट वाच. पुढचं इन्स्पेक्शन किती तासांवर ड्यू आहे आणि आज विमानाचे किती झालेत, याची वजाबाकी कर, तोंडी नाही, कागदावर. ५० तासांचं असो की १०० चं, जे आधी येतं ते धर. मग त्यातून तुझी अख्खी फेरी वजा कर, अख्खी म्हणजे परत इंदूरच्या रनवेवर चाक टेकेपर्यंत. सीपीएलची (कमर्शियल लायसन्सची) क्रॉस-कंट्री ३०० नॉटिकल मैलांची, मध्ये दोन दुसऱ्या ठिकाणी फुल स्टॉप, १०० नॉट ग्राउंडस्पीड धरला तरी तीन तास सरळसरळ गेले, वर समोरचा वारा, सर्किटमधलं थांबणं, वळसा घालावा लागला तर तो. विमानाकडे साडेतीनच तास उरले असतील तर ते विमान तुझं नाही, दुसरं माग. पीपीएलच्या (प्रायव्हेट लायसन्सच्या) १५० मैलांनाही हीच वजाबाकी.

मी ती केली नव्हती. बोर्डावर भरपूर तास लिहिलेले, आकडा होता कालचा, सकाळी त्या विमानाच्या सॉर्टी (फेऱ्या) होऊन गेलेल्या, आणि जर्नी लॉग माझ्या शेजारच्या सीटवर पडलेला असून मी तो भोपाळला उतरल्यावर उघडला. परत यायला तास नाहीत. विमान तिथेच, एएमई सामान घेऊन रस्त्याने तिकडे, मी बसने इकडे, आष्ट्यापर्यंत उभा. तर बोर्डावर विश्वास ठेवू नको, लॉगमधली शेवटची ओळ वाच, आणि सकाळी किल्ली घेताना परत वाच कारण रात्रीत नाही तरी सकाळी कोणीतरी उडवून आलेलं असतं. तुझ्या लॉगबुकातला चॉक-टू-चॉक (जागेवरून हलल्यापासून परत थांबेपर्यंतचा) वेळ आणि मेंटेनन्ससाठी धरतात तो वेळ एकच नसतो, तुमच्याकडे कुठला मीटर धरतात ते विचारून घे.

आणि व्हिडिओ बघून कोणीतरी सांगेलच की १०० तासांवर १० तास जादा चालतात. ते अमेरिकेतलं आहे, आणि तिथेही फक्त इन्स्पेक्शनच्या जागी विमान पोहोचवायला, शिवाय जादा उडवलेले तास पुढच्या १०० मधून कापले जातात. वार्षिक इन्स्पेक्शनला तर तिथेही अशी सूट नाही. आपल्याकडे टॉलरन्स मंजूर मेंटेनन्स प्रोग्रॅममध्ये लिहिलेला असेल तरच असतो आणि तो वापरायचा का ते कॅमो (विमान उडण्यालायक ठेवण्याचं काम बघणारी संस्था) बघते, भोपाळच्या एप्रनवर उभा असलेला स्टुडंट नाही. व्हायवातही (तोंडी परीक्षेत) तेच, अ‍ॅरो आणि टोमॅटो फ्लेम्स (कागद आणि उपकरणं लक्षात ठेवायच्या अमेरिकन युक्त्या) पाठ करून जाऊ नको, डीजीसीएच्या (आपल्या विमान वाहतूक नियामकाच्या) परीक्षकाला आपले कागद सांगायचे असतात.

एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (एखाद्या मॉडेलच्या धोक्यावर नियामकाने काढलेला सक्तीचा आदेश) तू तपासणार नाहीस, पण एक माहीत असू दे. सेसनाच्या सीट रेलवर २०११ चा एफएएचा (अमेरिकेच्या नियामकाचा) डायरेक्टिव्ह आहे, रेल आणि लॉकची ठराविक अंतराने तपासणी. कारण सीट टेक-ऑफला मागे सरकली की माणूस आधारासाठी योक (विमानाचं स्टीअरिंग) धरतो आणि नाक वर जातं. म्हणून बसल्यावर सीट दोन्हीकडे जोरात ढकल, पिन भोकात बसलीय हे डोळ्यांनी बघ.

वॉकअराउंड (विमानाभोवती फिरून बघणं) तुला येतो, तरी पावसाळ्यात बाहेर उभं विमान असेल तर फ्युएल ड्रेन घाईत नको. सेसना १७२ एस ला तेरा ड्रेन आहेत, तेराही काढ. पाणी खाली बसतं, आणि अख्खा नमुनाच पाण्याचा असेल तर मधे रेघ दिसत नाही, ग्लास स्वच्छ दिसतो आणि तू खूश होतोस. १०० एलएल (विमानाचं पेट्रोल) निळं असतं, निळं दिसलंच पाहिजे, वासही घे. पिटोचं भोक आणि स्टॅटिक पोर्ट (वेग आणि उंची मोजायला हवा घेणारी छिद्रं) बघ, गांधीलमाशीला ते घर करायला आवडतं. ऑइल पीओएचमधल्या मिनिममच्या वर, काठावर असेल तर लांबच्या फ्लाइटला टॉप-अप मागून घे. ईएलटीच्या (अपघातात सिग्नल देणारं यंत्र) बॅटरीची तारीख, फायर एक्स्टिंग्विशर, फर्स्ट एडची तारीख. प्लॅकार्ड वाचता येतायत का. होकायंत्राचं करेक्शन कार्ड जागेवर आहे का.

वजन. १७२ एस चं जास्तीत जास्त टेक-ऑफ वजन ११५७ किलो, त्याच्यावर गेलास किंवा सीजी (गुरुत्वमध्य) मर्यादेबाहेर गेला तर सगळे कागद ठीक असूनही विमान त्या क्षणी उडण्यालायक नाही. रिकामं वजन त्या विमानाच्या वेट शेड्यूलमधलं घे, पुस्तकातल्या उदाहरणातलं नाही. इंदूर साधारण साडेअठराशे फुटांवर, मे महिन्यात ४२ डिग्रीला डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) साडेपाच हजारांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारची वेळ मिळाली तर कौतुक करू नको, सकाळची माग.

मधल्या लँडिंगला: परत एक फेरी, ऑइल, फ्युएल, टायर. आणि उरलेले तास, परत, तिथेच, इंजिन बंद झाल्यावर लगेच. पहिल्या लेगला वारा समोरून लागून जास्त वेळ गेला असेल तर आदल्या रात्रीची वजाबाकी कामाची राहिलेली नाही. कमी वाटलं तर इन्स्ट्रक्टरला फोन, उडायच्या आधी, वर जाऊन नाही.

परत आल्यावर स्नॅग असेल तर लिहून दे, चहा पिता पिता सांगू नको. तास भर, बेरीज दोनदा तपास. पिटो कव्हर, चॉक, टाय-डाउन, मास्टर बंद, किल्ली जागेवर.