घरबसल्या स्कॉटलंडमधल्या एखाद्या छोट्या गावाचा इतिहास कसा शोधायचा

माझा मावसभाऊ ग्लासगोजवळ राहतो. गावाचं नाव स्पेलिंगप्रमाणे वाचलं तर मिल्नगेव्ही, पण तिथली माणसं म्हणतात मलगाय. रोज लोकलनं ग्लासगोला जातो-येतो. इकडं कोल्हापुरात राजारामपुरीत मावशी सारखी विचारायची, अरे ते गाव हाय तरी कसलं, म्हणून शोधायला बसलो. जमलं कसं ते सांगतो, तुमचंही कोणीतरी तिकडं असेलच.

सुरुवात नकाशापासून करा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साईटवर ऑर्डनन्स सर्व्हेचे (ब्रिटनचं सरकारी नकाशा खातं) जुने नकाशे फुकट बघता येतात, एका बाजूला जुना अन् शेजारी आजचा सॅटेलाईट फोटो लावायचा, डावीकडं कर्सर नेला की उजवीकडं तीच जागा दिसते. मोबाईलवर बारीक अक्षर वाचवत नाही, कॉम्प्युटरच घ्या. घाई करू नका, एकेक रस्ता बघा, कुठं शेत होतं अन् आता घरांची रांग आहे ते वहीत लिहा.

मग विचारायचं, गाव वाढलं कशानं? मलगायचं उत्तर म्हणजे पाणी अन् रेल्वे. ग्लासगोत 1832 पासून पटकीच्या साथी येत होत्या, म्हणून लांबच्या लॉक कॅट्रिन तळ्यातनं पाणी आणायचं ठरलं, 1859 ला खुद्द व्हिक्टोरिया राणीनं उद्घाटन केलं. ते पाणी नुसत्या उतारानं मलगायच्या मगडॉक तलावात येतं अन् तिथनं शहरात जातं. थेट पाइपलाइनची वर्षानुवर्षं वाट बघितलेल्या कोल्हापूरकराला हे वाचून काय वाटतं ते मी सांगायला नको. पुढं 1863 ला रेल्वे आली, 1960 ला विजेवरची लोकल. शहरात नोकरी अन् गावात घर हे रेल्वेमुळंच जमायला लागलं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, माझी अख्खी संध्याकाळ गेली यात. 1790 च्या दशकात सर जॉन सिंक्लेअर यांनी प्रत्येक पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतला भाग) पाद्रीकडनं गावची माहिती लिहून घेतली, पीक काय, मजुरी किती, शाळा आहे का, सगळं. पुढं 1834 ते 1845 मध्ये परत तसंच काम झालं. पण ही माहिती ('स्टॅटिस्टिकल अकाउंट्स ऑफ स्कॉटलंड') गावाच्या नावानं नाही, पॅरिशच्या नावानं शोधायची. मलगायसाठी न्यू किलपॅट्रिक टाका.

जनगणना 1801 पासून दर दहा वर्षांनी आहे (1941 ची युद्धामुळं झाली नाही, अन् 2021 ची स्कॉटलंडमध्ये 2022 ला झाली). आकडा जिथं एकदम उडी मारतो, त्या काळचा नकाशा परत उघडा.

हेच आपल्या कोल्हापूरजवळच्या रुकडी-वळिवड्याला लावून बघा. कोल्हापूरचं गॅझेटियर (सरकारी माहितीग्रंथ) 1886 चं, मिरजेहून रेल्वे आली 1891 ला, म्हणजे गाडी यायच्या आधीचं चित्र त्यात आहे. वळिवड्यात तर 1943 पासून पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, नंतर तिथंच सिंधी बांधव आले अन् गांधीनगर उभं राहिलं. तेवढं वाचून झालं की गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडं जा, जाताना नकाशाची प्रिंट मोठी काढून न्या.