क्रोशाची लेस: आधी कापडाचं माप, मग साखळी

लेस कशाला लावायची हे ठरल्याशिवाय क्रोशाची सुई हातात घेऊ नये. दोरा किती जाड, लेस किती रुंद, कोपऱ्याला किती जादा, हे सगळं कापडावरून ठरतं. हौसेने मीटरभर विणून ठेवलेली लेस पुढे कुठेच नेमकी बसत नाही. चौरंगाला चार बोटं कमी पडते, रुमालाला जड होते, आणि शेवटी डब्यातच राहते.

पुण्यात तुळशीबागेत आणि रविवार पेठेत क्रोशाच्या सुती दोऱ्याचे गुंडे मिळतात. बारीक क्रोशादोऱ्यात आकडा वाढतो तसा दोरा बारीक होतो. २० नंबरपेक्षा ४० नंबर बारीक. रुमाल, ब्लाउजची बाही, झबलं यांना २० नंबरचा दोरा आणि १.२५ मिमीची स्टीलची सुई घ्या. चौरंगाचं कापड, पडदा, तोरण यांना चार पदरी सुती दोरा आणि २ मिमीची सुई बरी. लेसला लोकर वापरू नका, कांगोरे उभे राहत नाहीत. वेष्टनावर रंगाच्या आकड्याशेजारी लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या दोऱ्याचा आकडा असतो. सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या. पांढऱ्यातही फरक असतो, आणि तो लेस कापडावर लागल्यावरच डोळ्यात भरतो.

पुढच्या कृतीत खांब म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन, दोन-दोन फास सोडवत केलेला उंच टाका. मुका खांब म्हणजे वेढा न घेता केलेला बुटका टाका. सरकता टाका म्हणजे सुई टाक्यात घालून दोरा थेट सुईवरच्या फासातूनही ओढून घ्यायचा.

आडवी विणायची लेस

नवशिक्यांना लांबच लांब साखळी घालून त्यावर विणायची सवय असते. तिथेच बिघडतं. साखळी घट्ट पडली की लेस धनुकलीसारखी वाकते, आणि लांबी कमी पडली तर वाढवता येत नाही. त्यापेक्षा रुंदीच्या दिशेने, छोट्या ओळींत विणा. हवी तेवढी लांबी होईपर्यंत ओळी वाढवत राहायचं.

६ साखळ्या घालून पहिल्या साखळीत सरकत्या टाक्याने गोल जोडा. पहिली ओळ: ३ साखळ्या (हा पहिला खांब धरायचा), गोलात २ खांब, २ साखळ्या, पुन्हा ३ खांब. हा एक पंखा झाला. काम उलटवा. दुसरी ओळ: ५ साखळ्या, मग खालच्या पंख्याच्या मधल्या २ साखळ्यांच्या खिडकीत ३ खांब, २ साखळ्या, ३ खांब. उलटवा. यापुढची प्रत्येक ओळ दुसरीसारखीच. पट्टी वाढेल तशा दोन्ही कडांना आलटूनपालटून ५ साखळ्यांच्या कमानी दिसू लागतात.

पट्टी पुरी झाली की बाहेरच्या कडेने कांगोरे. प्रत्येक कमानीत ४ खांब, ३ साखळ्यांचं टोक, ४ खांब, आणि पुढच्या कमानीत जाण्याआधी मधल्या खांबाच्या अंगावर १ मुका खांब. टोक करताना ३ साखळ्या घालून त्यांतल्या पहिलीत मुका खांब घाला, म्हणजे ते टोकदार राहतं. आतल्या, म्हणजे कापडाला लागणाऱ्या कडेने प्रत्येक कमानीत १ मुका खांब आणि मध्ये ५ साखळ्या. ही कड आखडून लेस वाकू लागली तर ५ ऐवजी ६ घाला. कड सैल पडून लाटा आल्या तर ४. हे पहिल्या दहा-बारा कमानींतच बघून घ्या.

हिशोब

दोन्ही कडांसह १० ओळींचा नमुना विणा, धुवा, सपाट वाळवा आणि मगच मोजा. सुती दोरा पहिल्या पाण्यात आटतो, त्यामुळे न धुता घेतलेलं माप फसवं असतं. कापडही आधी धुवून घ्या. समजा धुतल्यावर १० ओळी ९ सेंमी भरल्या. ४५ सेंमीच्या चौरस चौरंगाचा घेर १८० सेंमी, म्हणजे २०० ओळी. नमुना वजनकाट्यावर ठेवा, त्याच्या २० पट दोरा लागेल. वर दहा टक्के जादा घ्या.

आता कोपरा. बरीचशी लेस इथेच फसते. चौरंगाच्या कडेवरून सरळ खाली लोंबणारी झालर कोपऱ्यावर काही जादा मागत नाही, ती घडी पडून वळते. तेच कापड टेबलावर सपाट पसरणार असेल तर लेसची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा बरीच लांब लागते: प्रत्येक कोपऱ्याला लेसच्या रुंदीच्या दुप्पट. लेस ४ सेंमी रुंद असेल तर कोपऱ्याला ८, चार कोपऱ्यांचे ३२ सेंमी. एकूण २१२ सेंमी, म्हणजे २३६ ओळी. ही जादा लांबी कोपऱ्यावर आतल्या कडेत धावदोऱ्याने चुणून घ्यायची. न चुणता ओढून लावली तर कापडाचा कोपरा वाटीसारखा वर उचलला जातो, आणि इस्त्रीनेही बसत नाही.

लावताना कापडाचे आणि लेसचे चार-चार समान भाग करून टाचण्या लावा, मग मधलं भरा. लेस ताणू नका. ताणून शिवलेली लेस सुई सुटताच आखडते आणि कापडाला चुण्या पडतात. मशीनपेक्षा हाताने, आतल्या कडेच्या साखळीतून बारीक तुरपाई करा. लेस पुढे उसवून दुसऱ्या कापडाला लावता येते.

थेट कापडावर

रुमालाला वेगळी लेस शिवू नये, कापडावरच विणावी. दुमडलेल्या कडेवर ५ मिमी अंतराने काजटाका घाला आणि प्रत्येक टाक्याच्या फासात २ मुके खांब, कोपऱ्यावर ३. कोपऱ्याच्या तिघांतल्या मधल्या टाक्याला खुणेचा रंगीत दोरा बांधा. एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत मधले टाके सहाच्या पटीपेक्षा एक कमी हवेत. ३० सेंमीच्या बाजूवर ११९ धरा. एखाददुसरा कमी-जास्त असेल तर याच फेरीत जुळवा, पुढे जमत नाही.

दुसरी फेरी: खुणेच्या टाक्यात ७ खांब, २ टाके सोडून १ मुका खांब, २ सोडून पुढच्यात ५ खांब, २ सोडून १ मुका खांब, असंच पुढच्या खुणेपर्यंत. तिथे पुन्हा ७. कोपरा आखडला तर ७ चे ८ करा.

कुठे लावावी, कुठे नको

खणाच्या ब्लाउजच्या बाहीला २ सेंमीहून रुंद नको. क्रोशाची लेस फारशी ताणत नाही, म्हणून दंडाचं नव्हे, शिवलेल्या बाहीचं माप घ्या. साडीच्या निऱ्यांच्या काठाला लेस लावू नका, कमानींत जोडवी अडकतात. बाळाच्या झबल्याला आणि टोपऱ्याला साखळ्यांच्या कमानी अजिबात नकोत, इवलीशी बोटं त्यात अडकतात. तिथे मुक्या खांबांची एकच फेरी पुरे, आणि मणी तर नकोच.

माठावर झाकायच्या गोल कापडाला मात्र मणी हवेत, त्यांच्या वजनानेच झाकण वाऱ्यावर उडत नाही. ते विणण्याआधी दोऱ्यात ओवून घ्यावे लागतात, कांगोऱ्यांपेक्षा दोन-तीन जास्तच. गोलाला लेसच्या रुंदीच्या सव्वासहा पट जादा लांबी लागते. २ सेंमीची लेस असेल तर साडेबारा सेंमी.

उरलेले वीतभर तुकडे हळदीकुंकवाच्या वाणाच्या बटव्यांना तोंडाशी लावता येतात. रुखवतात मांडायच्या ताटांच्या रुमालांना २० नंबरची बारीक लेस शोभते.

गणपतीच्या चौरंगाची झालर करायची असेल तर आषाढातच सुरुवात करा. पुण्याच्या पावसात दमट हवेत धुतलेली लेस दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि ओलसर असताना घडी केली की पिवळे डाग पडतात. लाल किंवा मरून लेस पांढऱ्या कापडाला लावण्याआधी अर्धा तास पाण्यात पांढऱ्या चिंधीबरोबर भिजवा. चिंधी रंगली तर रंग जाणं थांबेपर्यंत पाणी बदलत राहा.

कांगोरे ताठ हवे असतील तर चमचाभर साबुदाणा दोन कप पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवून गाळा. या कोमट खळीत लेस बुडवून हलकी पिळा आणि प्रत्येक टोक न गंजणाऱ्या टाचणीने उशीवर ताणून वाळवा. साधी टाचणी एका रात्रीत गंजाचा ठिपका सोडते. विसर्जनानंतर मात्र खळ धुवून काढूनच लेस ठेवा, कारण खळीला कसर आणि झुरळं लागतात. घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा.