एक आकृती, एक निष्कर्ष: छोटा शोध-अहवाल कसा छापून आणावा

प्रत्येक लॅबमध्ये असा एखादा निकाल असतोच, जो थिसिसमध्ये बसत नाही आणि टाकवतही नाही. प्रयोग नीट झालेला असतो, तीनदा करून बघितलेला असतो, पण त्यावर मोठा पेपर काही उभा राहत नाही. मग तो वहीतच पडून राहतो, आणि दोन वर्षांनी दुसऱ्या गावातली एखादी मुलगी तोच प्रयोग पहिल्यापासून करत बसते.

अशा निकालांना 'मायक्रोपब्लिकेशन बायोलॉजी' या ऑनलाइन जर्नलमध्ये जागा आहे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे कॅलटेक, ते चालवते. एका लेखात एकच आकृती. तज्ज्ञांकडून तपासणी होते, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) मिळतो, लेख पबमेड या जीवशास्त्र-वैद्यकाच्या शोधसूचीत सापडतो आणि कोणालाही फुकट वाचता येतो. 'काहीच फरक पडला नाही' हा निष्कर्षही चालतो. दुसऱ्याचा प्रयोग आपल्याकडे तसाच आला, किंवा आला नाही, हेसुद्धा चालते.

आधी वाक्य, मग आकृती

पहिल्यांदा संगणक बंद ठेवा आणि कागदावर एक वाक्य लिहा. सी. एलिगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या कृमीचे उदाहरण घेऊ. त्याच्या एका उभयलिंगी कृमीला २० अंश सेल्सिअसला साधारण ३०० पिल्ले होतात. समजा, तुमच्या म्युटंटलाही (एक जनुक बिघडलेल्या कृमीलाही) २० अंशांना तेवढीच होतात, पण २५ अंशांना साध्या कृमीपेक्षा निम्मीच. तर वाक्य असे: 'अमुक जनुक बिघडल्यास २५ अंशांना पिल्लांची संख्या घटते.' हेच शीर्षक. 'अमुक जनुकाच्या कार्याचा अभ्यास' असले शीर्षक सुचत असेल, तर निष्कर्ष अजून हाती आलेला नाही असे समजा. वाक्यात 'आणि' दोनदा आला तर ते दोन लेख आहेत, किंवा मग तो मोठाच पेपर आहे. उलट, एका धडधाकट पेपरचे पाच तुकडे करून पाच लेख पाठवू नका. लेख तपासणाऱ्या तज्ज्ञाला, म्हणजे रिव्ह्यूअरला, ते पहिल्या पानावर कळते.

आता आकृती. खरी मेहनत इथेच आहे, कारण बहुतेक वाचक तेवढीच बघणार. एका आकृतीत दोन-चार उपचित्रे चालतात, पण ती सगळी त्या एकाच वाक्याकडे बोट दाखवणारी हवीत. मी पहिल्या वेळी नऊ कोंबली होती. परत आलेल्या शेऱ्यांत एवढेच विचारले होते: यातली कोणती काढली तर निष्कर्ष पडेल? प्रामाणिक उत्तर होते तीन. बाकीची सहा काढली आणि लेख एका संध्याकाळी लिहून झाला.

नुसते स्तंभ काढू नका, प्रत्येक कृमीचा ठिपका दाखवा. किती कृमी मोजले, किती वेळा मोजले, आणि सरासरीभोवतीच्या उभ्या दांड्या (एरर बार) म्हणजे प्रमाण विचलन की आणखी काही, हे आकृतीखालच्या मजकुरात हवेच. सूक्ष्मदर्शकाच्या फोटोवर मापाची रेघ हवी. लाल-हिरव्याऐवजी जांभळा-हिरवा वापरा. लाल-हिरवा फरक न दिसणारे लोक लॅबोलॅबी असतात, फक्त सांगत नाहीत.

मजकूर

लिहायचे फार नसते. हे आधी काय माहीत होते, आम्ही काय केले, काय दिसले, आणि ते कुठपर्यंत खरे धरायचे. 'पुढील संशोधनास दिशा मिळेल' हे वाक्य आले की खोडा.

पद्धती आणि साहित्य मात्र बारकाईने लिहा. स्ट्रेनचे (कृमीच्या वाणाचे) नाव, जनुकाचे नाव, ॲलीलचा (जनुकाच्या त्या विशिष्ट रूपाचा) क्रमांक, स्ट्रेन कुठून आणला, सगळे. साधा कृमी म्हणजे एन२, मूळचा इंग्लंडमधल्या ब्रिस्टॉलचा. अन्‌क-२२ या जनुकाचा ई६६ हा ॲलील असलेला स्ट्रेन सीबी६६. मिनेसोटा विद्यापीठातल्या स्ट्रेन-केंद्राकडून तो मागवता येतो. ही नावे नुसती शोभेची नाहीत. छापलेली माहिती पुढे वर्मबेस (कृमींचा), फ्लायबेस (फळमाशीचा) अशा ऑनलाइन जनुक-कोशांत जाते. एक आकडा चुकला की तुमचा निकाल भलत्याच जनुकाच्या नावावर जमा.

पाठवण्याआधी

प्रत्येक लेखकाची लेखी संमती घ्या, गाईडचीसुद्धा. कोणी काय केले हे जर्नल विचारते, म्हणून नावांचा क्रम आणि कामाची वाटणी आधीच ठरवा. हे भांडण नंतर फार महाग पडते. ऑर्किड (ORCID) ही संशोधकांची ओळख-नोंदणी, तिचा १६ अंकी क्रमांक काढून ठेवा. आपल्याकडे 'एस. पाटील' शेकड्याने सापडतात, वडिलांचे नाव कधी मध्ये येते कधी गळते, लग्नानंतर आडनाव बदलते. क्रमांक तेवढा तोच राहतो.

लेख छापण्याच्या फीचा आकडा जर्नलच्या साइटवरच बघा आणि ती कोण भरणार हे गाईडला आजच विचारा, लेख स्वीकारल्यावर नको. हा लेख पीएचडीसाठी धरला जाईल का, याचेही तसेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांनी थिसिसआधी पेपर छापण्याची देशभरची सक्ती काढली, २०२५मध्ये मान्य जर्नलांची यूजीसीची 'केअर' यादीही बंद झाली. पण तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते. विभागाकडून लेखी उत्तर घ्या. आणि 'तीन दिवसांत प्रकाशन, पैसे आधी' अशी व्हॉट्सॲपवर येणारी जर्नले डिलीट करा. तिथे तपासणी होत नाही, वसुली होते.

शेरे आले की

शेरा जसाच्या तसा चिकटवा, त्याखाली उत्तर, त्याखाली बदललेले वाक्य. नवा प्रयोग मागितला आणि तो दोन आठवड्यांत होण्यासारखा असेल, तर वाद न घालता करून टाका. होण्यासारखा नसेल तर निष्कर्षाची भाषा मवाळ करा आणि तसे उत्तरात लिहा.

स्वीकारल्यावर छापण्यापूर्वीचे प्रूफ येते. आकडे तुम्ही तपासालच. लेखकांची नावे मात्र मोठ्याने, अक्षर अक्षर वाचा. मी ॲलीलचे क्रमांक तीनदा तपासले होते, आणि माझ्याच आडनावातला एक 'एच' राहून गेला.