मोठ्याने प्रार्थना करताना तोंडात बसलेल्या शब्दांकडे लक्ष कसं द्यायचं

घरगुती प्रार्थनासभेत कोणी प्रार्थना चालवायला लागलं की दर तीन शब्दांनी "प्रभू" येतो, हे तुम्हीही ऐकलंच असेल. "प्रभू आम्ही तुझे आभार मानतो प्रभू, की प्रभू या संध्याकाळी प्रभू तू आम्हाला विशेष रीतीने इथे आणलंस प्रभू..." बोलणारा माणूस खोटा नसतो, अगदी मनापासून बोलत असतो, पण पुढचं वाक्य सुचेपर्यंत जी रिकामी जागा पडते ती देवाचं नाव घेऊन भरली जाते आणि माझ्या मनाला हेच फार लागतं. दहा आज्ञांमध्ये ज्या नावासाठी वेगळी आज्ञा आहे (देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको, निर्गम 20:7) ते नाव आपण नकळत "म्हणजे" आणि "ते हे"च्या जागी वापरायला लागतो.

आपल्या इंदूरात त्यात अजून एक भर पडते. चर्चमध्ये उपासना हिंदीत, घरी बोलणं मराठीत, त्यामुळे मराठी प्रार्थना चालू असताना मधेच "धन्यवाद पिता, तेरी स्तुति हो" येऊन जातं. ते चुकीचं मुळीच नाही, देवाला दोन्ही भाषा कळतात, फक्त ते आपण म्हणतोय की जीभ आपली आपण म्हणतेय एवढं बघायचं.

सगळ्यात आधी स्वतःचं ऐका. घरी एकटे असताना फोनवर रेकॉर्डिंग चालू करून दोन-तीन मिनिटं नेहमीसारखी मोठ्याने प्रार्थना करा, नंतर कागद-पेन घेऊन ऐका आणि मग डिलीट करून टाका, कोणाला पाठवायचं नाही. सभेत दुसऱ्याची प्रार्थना रेकॉर्ड करायची नाही, ते फार वाईट. ऐकताना शब्द मोजण्यापेक्षा तो शब्द कुठे येतो ते बघा. बहुतेक वेळा तो विषय बदलताना येतो, आभार संपून विनंती सुरू व्हायच्या आधी, किंवा सांगायचं संपलंय पण थांबायचं कसं हे कळत नाही तेव्हा. "विशेष रीतीने", "खरोखर", "तुझ्या हाती सोपवून देतो" हे पण अशाच जागी सापडतील.

मग त्या जागी काय म्हणायचं, तर काहीच नाही. तोंड मिटा, एक श्वास घ्या, मग पुढचं वाक्य. सुरुवातीला ती शांतता फार लांब वाटते, सगळे डोळे उघडून आपल्याकडे बघतायत असं वाटतं, पण ऐकणाऱ्याला ते जेमतेम दोन सेकंद असतात आणि उलट तेवढ्यात त्याला आपण काय मागितलं ते मनात घेता येतं. "प्रभू म्हणायचं नाही" असं ठरवून बसलात तर प्रार्थनेपेक्षा त्या शब्दाकडेच लक्ष राहील, म्हणून फक्त वेग कमी करा, अर्ध्याहून जास्त शब्द त्यानेच गळतात.

दुसरं म्हणजे तोंड उघडायच्या आधी ठरवा की मागायचं काय आहे. यासाठी जुन्या चर्चकडे एक फार चांगला साचा आहे. आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला झालं तेव्हा त्यात पुस्तकातून प्रार्थना वाचणारे अँग्लिकनही आले आणि उत्स्फूर्त प्रार्थना करणारे प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्टही आले, म्हणजे दोन्ही ठेवी आपल्याच घरच्या आहेत. अँग्लिकन प्रार्थना-पुस्तक पहिल्यांदा 1549 मध्ये आलं, त्यातल्या छोट्या प्रार्थना, ज्यांना कलेक्ट म्हणतात, साधारण एकाच क्रमाने चालतात: देवाला हाक, तो कसा आहे त्याबद्दल एक गोष्ट, एक मागणं, ते कशासाठी हवं, आणि ख्रिस्ताच्या द्वारे, आमेन. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 4थ्या अध्यायात मंडळीने केलेली प्रार्थना बघा, पेत्र आणि योहान धमक्या ऐकून नुकतेच सुटून आलेत, तरी ते आधी देव कोण आहे हे बोलतात, स्तोत्र 2 म्हणतात, आणि मागणं येतं ते थेट 29व्या आणि 30व्या वचनात.

आता हे आपल्या बोलण्यात कसं बसतं ते बघा. समजा मावशींचं उद्या एमवाय हॉस्पिटलमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन आहे. नेहमीची प्रार्थना अशी होते: "प्रभू आम्ही मावशींना तुझ्या हाती देतो प्रभू, प्रभू तू जाणतोस प्रभू, त्यांना स्पर्श कर प्रभू, डॉक्टरांना प्रभू तू वापर, सगळं काही प्रभू तुझ्या इच्छेप्रमाणे..." त्याऐवजी: "हे पित्या, तू आमचा एकेक श्वास जाणतोस. उद्या सकाळी मावशींचं ऑपरेशन आहे आणि त्या घाबरल्यात. आज रात्री त्यांना झोप लागू दे. डॉक्टरांचे हात स्थिर ठेव. त्या परत चालत सभेला येवोत आणि आम्ही सगळे मिळून तुझे आभार मानू. येशूच्या नावाने, आमेन." यात पाठ केलेलं काही नाही, एवढंच की बोलणाऱ्याने आधी क्षणभर मावशींचा विचार केलाय. "झोप लागू दे" हे ऐकल्यावर मावशींना कळतं की कोणीतरी त्यांची भीती ओळखली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण काही लोक लगेच टोकाला जातात. पुन्हा पुन्हा म्हणणं हे पाप नाही. स्तोत्र 136 मध्ये 26 वचनं आहेत आणि प्रत्येकात "त्याची दया सनातन आहे" येतं. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने स्वतः तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली (मत्तय 26:44). मत्तय 6:7 मध्ये प्रभू ज्याला मना करतो ती पोकळ बडबड आहे, जास्त बोललं की देव ऐकेल ही समजूत आहे. कर्मेल डोंगरावर बआल या दैवताचे 450 संदेष्टे सकाळपासून दुपारपर्यंत हाका मारत राहिले आणि देवाच्या संदेष्ट्याची, एलीयाची, प्रार्थना दोन वचनांत संपली (1 राजे 18:36-37). पेत्र बुडायला लागला तेव्हा तर "प्रभूजी, मला वाचवा" एवढंच. म्हणून एखादी आजी रडत रडत "येशू, येशू" म्हणत असेल तर ती जागा भरत नाहीये, तिला कोणीही काही शिकवू नये.

अजून एक सवय, जी घाईत होते: सुरुवात "हे स्वर्गीय पित्या" अशी करायची आणि पुढे "तू आमच्यासाठी क्रूसावर मेलास" म्हणायचं आणि शेवटी "तुझ्याच नावाने मागतो". पिता क्रूसावर मेला नाही, पुत्र मेला. नवीन विश्वासी हे ऐकूनच शिकतो, म्हणून पित्याला हाक मारली तर शेवटपर्यंत पित्याशीच बोला, "तू तुझ्या पुत्राला आमच्यासाठी दिलंस" म्हणा. येशूशी बोलायचं असेल तर सरळ येशूशी बोला, तेही चालतं. सारखं "प्रभू प्रभू" झालं की कोणाशी बोलतोय हे स्वतःलाच कळेनासं होतं.

आणि आता मला सगळ्यात जास्त ज्याची काळजी वाटते ते. प्रार्थनेत दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी बाहेर येतात. "प्रभू तू जाणतोस, अमक्या भावाचा मुलगा कोणत्या संगतीत आहे, घरात कसे वाद चाललेत..." देव जाणतोच, पण आता पलासियापासून राजवाड्यापर्यंत सगळी मंडळी पण जाणते. कोणी विनंती सांगितली असेल तर "हे सगळ्यांसमोर घेऊ का?" असं आधी विचारा, आणि नाही म्हटलं तर "त्या घरात शांती दे" एवढंच पुरे, बाकीचं घरी दार लावून मागा. तसंच समोरच्याला ऐकवण्यासाठी प्रार्थना करू नका, "जे वेळेवर येत नाहीत त्यांच्याशी तू बोल प्रभू" वगैरे. काही सांगायचं असेल तर त्याला चहा पिताना सांगा. डोळे मिटून बसलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही, हा त्याच्यावर अन्याय आहे.

पौल म्हणतो की तुझं बोलणं कळलंच नाही तर ऐकणारा आमेन कसं म्हणेल (1 करिंथ 14:16). म्हणून एका प्रार्थनेत एक-दोनच विनंत्या घ्या, बाकीच्या दुसऱ्यांसाठी ठेवा. आवाज शेवटच्या चटईवर बसलेल्याला ऐकू जाईल इतका असावा, आणि तो रोजचा आवाज असावा, मुलांना जेवायला बोलावता तोच, प्रार्थनेसाठी वेगळा थरथरता सूर काढायची गरज नाही.

सभा चालवत असाल तर नवीन माणसाला अचानक "आता तुम्ही करा" म्हणू नका, आदल्या दिवशी फोन करून विचारा, चार ओळी लिहून आणल्या तरी चालतील म्हणा. हन्नाचे फक्त ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, एली याजकाला ती प्यालेली वाटली, आणि देवाने तिचं ऐकलं (1 शमुवेल 1:13), त्यामुळे ज्याला मोठ्याने जमत नाही त्याला मनात करू द्या. कोणाची सवय खटकली तर सभेत नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नाहीच, आणि त्या माणसाने स्वतःहून विचारल्याशिवाय मुळीच नाही. घरात मात्र नवरा-बायकोने एकमेकांना सांगायला हरकत नाही, रात्रीच्या कुटुंब-प्रार्थनेनंतर, दिवा बंद करायच्या आधी, "आज तू बाबांसाठी जे मागितलंस ते मला नीट कळलं" असं चांगलं आधी सांगा आणि मग बाकीचं.