मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये कामांचा अंदाज आणि वेळापत्रक

वेळापत्रकाची सुरुवात तारखांपासून नव्हे, तर कामांच्या यादीपासून करावी. प्रत्येक काम इतके लहान असावे की ते करणाऱ्या व्यक्तीला त्याचा कालावधी सांगता येईल. तिच्याकडून अनुकूल, संभाव्य आणि प्रतिकूल असे तीन अंदाज घ्यावेत. अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी १९५८ मध्ये तयार झालेल्या पर्ट पद्धतीत संभाव्य अंदाजाच्या चौपटीत उरलेले दोन अंदाज मिळवून बेरजेला ६ ने भागतात. ४, ६ आणि १४ दिवसांवरून ७ दिवस येतात. (वरिष्ठांना हवा असलेला आकडा हा चौथा अंदाज नव्हे.)

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या वेळापत्रक आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रथम ‘ऑटो शेड्यूल’, म्हणजे सॉफ्टवेअरने तारखा स्वतः काढण्याची पद्धत, निवडावी. सुट्ट्या स्वतः भराव्यात, कारण मूळ कॅलेंडर केवळ शनिवार-रविवार वगळते, गणपती-दिवाळी नाही. त्यानंतर ‘प्रेडिसेसर्स’ रकान्यात आधीच्या कामाचा क्रमांक लिहावा. सुरुवातीची तारीख हाताने टाकण्याचा मोह मात्र टाळावा. तसे केल्यास त्या तारखेपूर्वी काम सुरू होऊ नये असे बंधन त्यावर बसते आणि आधीचे काम लवकर संपले तरी ते अलीकडे सरकत नाही. वेळापत्रक मंजूर झाल्यावर, पहिले काम सुरू होण्यापूर्वीच, ‘बेसलाइन’, म्हणजे पुढे तुलनेसाठी मूळ वेळापत्रकाची नोंद, जतन करावी.