पतसंस्थेत नवं सॉफ्टवेअर घेताय? आधी आजचे आकडे लिहा

संगणक, यूपीएस, तीन कोटेशनं हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून देतो. विक्रेत्याला बोलावण्याआधी आजचे आकडे लिहून काढा. दिवसअखेरीला किर्द (रोजचा जमाखर्च) जुळायला किती वेळ लागतो, पिग्मी (रोजच्या बचतीच्या) एजंटाने जमा केलेली रक्कम खात्यावर कधी चढते, अर्ज आल्यापासून कर्ज हातात पडेपर्यंत किती दिवस जातात. अंदाजाने नको, घड्याळ लावून, पूर्ण महिनाभर. मार्चअखेर वेगळी मोजा. आमच्याकडे नेमकं हेच राहिलं होतं. सर्वसाधारण सभेत ‘फायदा किती झाला?’ असं विचारल्यावर दाखवायला नुसती बिलं होती.

खर्च पाच वर्षांचा धरा. एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, नव्या शाखेसाठी सॉफ्टवेअरचा जादा परवाना, आणि सगळ्यात जास्त दमवणारं काम म्हणजे जुन्या नोंदी साफ करणं: एकच सभासद कुठे ‘दत्तात्रय’, कुठे ‘दत्तू’, कुठे नुसतं ‘डी. बी.’ म्हणून बसलेला असतो. जुनं-नवं दोन्ही चालू असताना कर्मचारी दुप्पट राबतात, तेही खर्चात लिहा. सॉफ्टवेअरवर जीएसटी 18 टक्के. कर्जावरच्या व्याजाला जीएसटी नसल्याने, भरलेल्या या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) बहुतेक मिळत नाही. विकास सोसायट्यांच्या (गावपातळीवरच्या शेतीकर्ज संस्थांच्या) संगणकीकरणासाठी केंद्राने 2022 मध्ये 2,516 कोटींची योजना मंजूर केली, पण सचिवाचे तास कुठल्याच योजनेत फुकट येत नाहीत. आजचे आकडे तिथेही हवेतच.

‘मनुष्यबळ वाचेल’ हे वाक्य अहवालात येऊ देऊ नका. वाचलेल्या वेळात कोण वसुलीला जाणार, त्याचं नाव लिहा. आणि थकबाकी घटली की लगेच सॉफ्टवेअरला श्रेय देऊ नका! उसाचं बिल वेळेवर आलं तरी वसुली वाढते. म्हणून एका शाखेत आधी सुरू करा, जुन्या पद्धतीच्या दुसऱ्या शाखेचीही तीच मोजणी ठेवा. आजचे आकडे दोन्हीकडचे. सभासदांची सोय, विश्वास यांना ओढूनताणून रुपयांत बसवू नका, वेगळं लिहा.

डेमो आपल्याच नोंदींवर मागा. करार संपल्यावर सगळा डेटा वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल, ही अट घालाच. प्रशिक्षण मार्चमध्ये नको. नवं सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर पहिले तीन महिने काम मंदावतं, तेव्हा निकाल लावू नका. सहा महिन्यांनी आणि वर्षाने त्याच पद्धतीने पुन्हा मोजा. मोजणीचा तक्ता शाखाधिकाऱ्याच्या सहीने खरेदीच्या ठरावाला जोडा. तक्ता नसेल तर ठराव पुढच्या बैठकीत.