कडा करवतीसारख्या येतात? या चुका टाळा

सांगलीच्या हळदीच्या पाकिटाचं लेबल पायथॉनमध्ये, पिलो (चित्रं हाताळणारी लायब्ररी) वापरून करायला घेतलं की पहिली तक्रार ठरलेली: गोल शिक्क्याच्या कडेला दाते दिसतात. कारण साधं आहे. पिलोचं इमेजड्रॉ (आकार काढणारा भाग) वर्तुळ किंवा तिरकी रेघ काढताना पिक्सेल एकतर पूर्ण भरतं, नाहीतर कोरा सोडतं. मधली छटा देतच नाही.

त्यावर नवशिक्यांचा आवडता उतारा म्हणजे ब्लर, चित्र धूसर करणं. तो कृपा करून मारू नका. ६०० पिक्सेलच्या शिक्क्यावर २ त्रिज्येचा ब्लर दिला की कड मऊ होते खरी, पण आतली ३ पिक्सेलची रेघ फिकी पडते आणि बारीक अक्षरं एकमेकांत मिसळतात. मग घाईघाईने शार्पन मारलं जातं आणि कडेला पांढरी झालर उमटते. छापून आल्यावर वजन, किंमत काहीच धड वाचता येत नाही.

शिक्का २४०० पिक्सेलवर काढा आणि रिड्यूस(४) या पिलोच्या फंक्शनने चौथा हिस्सा लहान करा. दर १६ पिक्सेलची सरासरी निघते, म्हणजे दोन रंगांमध्ये १७ पायऱ्या मिळतात. लँझोस हा लहान करण्याचा दुसरा फिल्टरही चालतो, पण सपाट रंगाला सरासरीच बरी. रेघेची जाडीही चौपट करा: ३ ची १२. हे विसरलात तर रेघ पाऊण पिक्सेलची उरते. वर्तुळासाठी पिलोला दिलेल्या चौकटीत शेवटचा पिक्सेलही धरलेला असतो, त्यामुळे (० पासून मोजून) ५९९ चे २३९६ नव्हे, २३९९ करायचे. नाहीतर वर्तुळ एका बाजूला सरकतं.

मजकूर मात्र लहान केल्यावरच टाका. अक्षरांच्या कडा पिलो स्वतःच मऊ करतं. देवनागरीसाठी रॅक्म (अक्षरं नीट जुळवणारी लायब्ररी) आहे का ते आधी तपासा. नसेल तर ‘किंमत’ची वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते.

पी मोडच्या (ठरावीक रंगांच्या यादीतून रंग घेणाऱ्या) चित्राला रिसाइझ करताना फिल्टर कुठलाही सांगा, पिलो जवळचा पिक्सेलच उचलतं. आधी आरजीबी (लाल-हिरवा-निळा) मोड करा.

पारदर्शक शिक्का जीआयएफमध्ये ठेवू नका, त्यात अर्धपारदर्शक पिक्सेल राहत नाही, म्हणून दाते परत येतात. पीएनजीच.

साताऱ्याच्या एखाद्या फ्लेक्ससाठी ६००० बाय ४००० चं अख्खं चित्र चौपट करणंही चूकच. पिलो आरजीबीला पिक्सेलमागे ४ बाइट घेतं, म्हणजे दीड जीबीच्या वर मेमरी गेली. फक्त शिक्क्याचा एल मोडचा (फक्त करड्या छटांचा) मास्क, म्हणजे रंग कुठे किती लावायचा ते सांगणारं चित्र, चौपट काढा, लहान करा आणि त्यातून रंग जागेवर पेस्ट करा. त्या मास्कला साठ लाख बाइटही लागत नाहीत.